आफोन्सो कोस्ता : जहाजे घेतली आणि युद्ध आले

गोव्यात लग्न ठरले की मुहूर्ताबरोबरच मुलकी निबंधकाच्या कचेरीतील सह्यांचा दिवसही ठरवावा लागतो. भटजींनी मंत्र म्हटले, मंगलाष्टके झाली, पंगती उठल्या, तरी कायद्याच्या लेखी विवाह सिद्ध होतो तो त्या कचेरीतील नोंदवहीत. सिंधुदुर्गातून किंवा बेळगावातून सोयरीक जुळली की तिकडच्या मंडळींना या सह्यांचे नवल वाटते; आपल्याकडे मात्र तो घराघरांतला रिवाज झाला आहे. या रिवाजाच्या मुळाशी पोर्तुगीज लोकसत्ताकाने १९१० च्या अखेरीस काढलेले हुकूम आहेत आणि ते घडविणाऱ्या न्यायमंत्र्याचे नाव आफोन्सो कोस्ता. याच गृहस्थांनी पुढे पंतप्रधानपदावरून १९१६ च्या फेब्रुवारीत आणखी एक हुकूम काढविला. त्या हुकुमाने लिस्बनपासून मुरगावपर्यंतच्या बंदरांत नांगर टाकून पडलेली जर्मन जहाजे सरकारच्या ताब्यात आली आणि पंधरा दिवसांत पोर्तुगाल महायुद्धात ओढले गेले. पहिला हुकूम आपल्या अंगवळणी पडला आहे. दुसरा आपण विसरून गेलो आहोत, आणि कोस्ता यांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली ती या दुसऱ्याने.

आफोन्सो आगुस्तो द कोस्ता यांचा जन्म ६ मार्च १८७१ रोजी पोर्तुगालच्या मध्यभागातील सेइया येथे, सेर्रा द एश्त्रेला पर्वतराजीच्या कुशीत झाला. वडील वकील होते. मुलगा कोइम्ब्रा विद्यापीठात कायदा शिकायला गेला, तेव्हा त्या जुन्या विद्यापीठाच्या ओवऱ्यांत राजकारण धुमसत होते. १८९० च्या जानेवारीत इंग्लंडने निर्वाणीचा खलिता धाडून पोर्तुगालला अंगोला आणि मोझांबिक यांच्या मधल्या मुलखावरील दावा सोडायला लावले होते. राजाने मान तुकवली आणि सारी तरुण पिढी राजसत्तेवर उलटली. इंग्लंडचा द्वेष आणि लोकसत्तेची ओढ या दोन गोष्टी त्या पिढीच्या मनात एकदमच रुजल्या. पुढे याच पिढीने इंग्लंडच्या बाजूने लढण्यासाठी जिवाचे रान केले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

कोस्ता यांनी १८९५ मध्ये डॉक्टरेटसाठी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय होता चर्च आणि सामाजिक प्रश्न. पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या स्थितीविषयी काढलेल्या पत्रकाची त्यात परखड चिकित्सा होती. कॅथलिक देशातल्या विद्यापीठात वयाच्या चोविसाव्या वर्षी पोपशी वाद घालणारा हा तरुण लगेच तिथेच प्राध्यापकही झाला. बुद्धी तल्लख, जीभ तिखट, आणि कायद्याच्या कलमावर विलक्षण श्रद्धा. समाजात एखादी गोष्ट बदलायची असेल तर तिचा मसुदा करावा, सही करावी आणि राजपत्रात छापावी, म्हणजे ती बदलते, असे त्यांना मनापासून वाटे. ही श्रद्धा त्यांचे बळ होती; त्यांच्या पडझडीचे मूळही बरेचसे तिच्यातच सापडते.

संसदेत ते पोहोचले ते प्लेगच्या वाटेने. १८९९ मध्ये पोर्तो शहरात गाठीचा प्लेग शिरला आणि सरकारने शहराभोवती लष्करी वेढा घातला. मुंबई-पुण्याने तीनच वर्षांपूर्वी हीच साथ पाहिली होती, आणि घरात घुसणाऱ्या सरकारी बंदोबस्ताने लोकांचे रक्त कसे तापते हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. पोर्तोचे लोकही असेच चिडले आणि त्या चिडीतून त्यांनी तीन लोकसत्तावादी उमेदवार निवडून दिले. त्यांत कोस्ता होते. सरकारने निवडणूक रद्द ठरविली. लोकांनी पुन्हा तेच उमेदवार निवडले.

राजे दों कार्लुश यांनी सरकारी तिजोरीतून परस्पर उचललेल्या रकमांचा प्रश्न २० नोव्हेंबर १९०६ रोजी संसदेत निघाला. कोस्ता यांनी असे सुचविले की याहून लहान अपराधांसाठी फ्रान्सच्या सोळाव्या लुईचे मस्तक वधस्तंभावरून गडगडले होते. सभागृहात कल्लोळ उडाला, शिपाई बोलावून त्यांना बाहेर काढण्यात आले आणि महिनाभरासाठी निलंबित करण्यात आले. त्या दिवसापासून त्यांचे नाव देशभर झाले. १९०८ च्या जानेवारीत राजसत्ता उलथवण्याचा एक कट फसला आणि त्यात ते पकडले गेले. ते कोठडीत असतानाच १ फेब्रुवारीला राजा आणि युवराज लिस्बनच्या चौकात गोळ्यांना बळी पडले. त्याच वर्षी कोस्ता यांनी एका सरदाराशी तलवारीचे द्वंद्व केले आणि दंडावर जखम घेतली. विसाव्या शतकातला कायद्याचा प्राध्यापक द्वंद्व खेळतो हे आज गमतीचे वाटेल. त्या काळच्या लिस्बनमध्ये तो राजकारणाचाच एक भाग होता.

५ ऑक्टोबर १९१० रोजी राजसत्ता कोसळली. हंगामी सरकारात न्यायखाते कोस्ता यांच्याकडे आले आणि पुढील सहा-सात महिन्यांत त्यांनी हुकुमांचा असा धडाका लावला की तसा पोर्तुगालने पूर्वी पाहिला नव्हता. जेझुइटांची हद्दपारी, ३ नोव्हेंबरला घटस्फोटाचा कायदा, ऐन नाताळच्या दिवशी विवाह आणि अपत्यांविषयीचे कायदे, फेब्रुवारीत मुलकी नोंदणीची संहिता आणि २० एप्रिल १९११ रोजी धर्मसंस्था व राज्यसंस्था यांची फारकत. विवाहाचा कायदा मुद्दाम २५ डिसेंबरला काढण्यात टोचून बोलण्याची हौस होती हे उघड आहे. दोन पिढ्यांत देशातून कॅथलिक धर्म नाहीसा करू असे ते म्हणाल्याची कथा त्यांच्या विरोधकांनी पसरवली. त्याला भक्कम पुरावा मिळत नाही. पण लोकांना ती खरी वाटली, आणि राजकारणात एवढे पुरते.

गोव्यात या बदलाचे दोन चेहरे दिसले. शतकानुशतके राज्याचा धर्म कॅथलिक असल्यामुळे दुय्यम ठरलेल्या हिंदूंना लोकसत्ताकाने कायद्यापुढे बरोबरीचे स्थान दिले. सरकारी नोकऱ्या, शाळा, सार्वजनिक जीवन यांची दारे किलकिली झाली आणि गोव्यातील मराठी वृत्तपत्रांना नवी उभारी आली. पोर्तुगीजमध्ये लिहिणाऱ्या लुईश द मिनेझिस ब्रागांझा यांनी १९११ मध्ये ‘ओ देबात’ काढले तेही याच वाऱ्यावर. दुसरा चेहरा असा की मायदेशात चर्चशी उभा दावा मांडणाऱ्या या सरकारने हिंदुस्थानातील पाद्रोआदो, म्हणजे पोर्तुगालचा धर्मविषयक आश्रयाधिकार, मात्र सोडला नाही. मुलखाबाहेर दबदबा ठेवण्यासाठी तो उपयोगी होता. तत्त्व आणि सोय यांचा असा सांधा कोस्ता यांच्या कारभारात वारंवार दिसतो.

९ जानेवारी १९१३ रोजी ते पहिल्यांदा पंतप्रधान झाले आणि अर्थखातेही त्यांनी स्वतःकडे घेतले. वर्षानुवर्षे तुटीत चाललेल्या अंदाजपत्रकात त्यांनी शिल्लक दाखविली, आणि याचे श्रेय त्यांच्या शत्रूंनाही नाकारता आले नाही. मात्र त्याच वर्षीच्या निवडणूक कायद्याने निरक्षरांचा मताधिकार गेला. ज्या देशात बहुसंख्य लोकांना अक्षरओळख नव्हती, तिथे लोकसत्ताकाच्या या थोर पुरस्कर्त्याने लोकांनाच मतदानातून वगळले. खेड्यातला शेतकरी पाद्र्याच्या सांगण्याप्रमाणे मत देईल ही त्यांना धास्ती होती. संपकरी कामगारांवरही त्यांनी असा बडगा उगारला की कामगार त्यांना संघटना फोडणारा म्हणून ओळखू लागले. चर्च दुरावले होतेच. आता गरीबही दुरावले.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये युरोपात युद्ध पेटले तेव्हा पोर्तुगालची स्थिती मोठी चमत्कारिक होती. इंग्लंडशी असलेली मैत्री चौदाव्या शतकातली. त्यामुळे तटस्थ आहोत असे म्हणवेना. इंग्लंडला मात्र पोर्तुगालचे सैन्य नको होते. ते आले तर त्याला शस्त्रे, पैसा आणि जहाजे आपल्यालाच पुरवावी लागतील हे लंडन जाणून होते. त्यामुळे पोर्तुगालने धड युद्धात नाही, धड तटस्थ नाही अशी भूमिका घेतली. आफ्रिकेत तर त्याच वर्षी अंगोलाच्या दक्षिण सीमेवर नाउलिला येथे जर्मन आणि पोर्तुगीज सैनिकांच्या चकमकी होऊन माणसे मेली. तरीही लिस्बनमध्ये जर्मन वकिलात उघडी होती आणि तिचा राजदूत रीतसर भेटीगाठी घेत होता.

कोस्ता आणि त्यांचा लोकशाही पक्ष युद्धात उतरण्याच्या बाजूचा होता. कारणे एकापेक्षा अधिक होती. इंग्लंड आणि जर्मनी यांनी पोर्तुगालच्या वसाहती आपसांत वाटून घेण्याविषयी १८९८ मध्ये गुप्त करार केला होता आणि १९१३ मध्ये पुन्हा बोलणी केली होती. युद्धानंतरच्या वाटाघाटीत आपली खुर्ची नसेल तर अंगोला, मोझांबिक वाटले जातील ही भीती खरी होती. शिवाय युरोपातल्या राजांना हे कोवळे लोकसत्ताक अजून नीट मान्य झाले नव्हते. मोठ्या राष्ट्रांच्या मांडीला मांडी लावून लढले तर ते मान्य होईल, असा हिशेब होता. हा सारा हिशेब लिस्बनच्या उपाहारगृहांत बसलेल्या सुशिक्षितांना पटत होता. ज्यांची मुले खंदकात जाणार होती त्या खेड्यांपर्यंत तो पोहोचलाच नाही.

आता जहाजांकडे येऊ. युद्ध जाहीर झाले त्या आठवड्यात जगभरच्या समुद्रांवर शेकडो जर्मन मालवाहू जहाजे होती आणि समुद्रावर सत्ता इंग्लंडच्या आरमाराची. पकडले जाऊ नये म्हणून या जहाजांनी जवळच्या, युद्धात नसलेल्या बंदरांचा आसरा घेतला. पोर्तुगालची बंदरे त्यासाठी सोयीची होती. तेजो नदीच्या मुखाशी, लिस्बनसमोर, तीन डझनांच्या आसपास जहाजे येऊन थांबली. आसोर, मादेइरा, केप व्हर्द, अंगोला, मोझांबिक येथेही ती होती. अरबी समुद्रात मुंबई आणि कोलंबो ही दोन्ही बंदरे इंग्रजांची, त्यामुळे या किनाऱ्यावर जर्मन कप्तानांना उरले ते मुरगाव. ब्रेमेनच्या हान्सा कंपनीची हिंदुस्थानशी नियमित ये-जा होती. तिची ‘लिख्टेनफेल्स’ आणि ‘मारिएनफेल्स’ ही जहाजे मुरगावच्या धक्क्याआड येऊन विसावली. साऱ्या पोर्तुगीज मुलखात मिळून सत्तरच्या आसपास जहाजे दीड वर्ष अशी पडून राहिली.

त्या दीड वर्षात परिस्थिती पालटली. जर्मन पाणबुड्या रोज जहाजे बुडवू लागल्या. मालाचे भाडे कडाडले. पोर्तुगालची स्वतःची व्यापारी जहाजे थोडी. देशाचा माल परक्यांच्या जहाजांतून येई-जाई. गहू आणि कोळसा बाहेरून आणायचा, तर आणायचा कशात? लिस्बनमधला भुकेला माणूस नदीकाठी उभा राहिला की त्याला समोर रिकामी जहाजे दिसत. इंग्लंडलाही आता एकेक जहाज हवे होते.

याच काळात, १९१५ च्या जुलैत, कोस्ता मरता मरता वाचले. लिस्बनच्या ट्राममधून जात असताना विजेच्या तारांत काही बिघाड होऊन मोठा आवाज झाला आणि ठिणग्या उडाल्या. शहरात बॉम्ब फुटणे तेव्हा नित्याचे. आपल्यावर हल्ला झाला असे समजून त्यांनी चालत्या गाडीतून उडी टाकली आणि डोक्याची कवटी फुटली. कित्येक दिवस ते जगतील की नाही हे सांगता येत नव्हते. देशातला सर्वांत प्रबळ पुढारी ट्राममधून उडी मारून पडला, यावर व्यंगचित्रकारांनी भरपूर हात धुऊन घेतले. पण पाच महिन्यांच्या आतच, २९ नोव्हेंबरला, ते दुसऱ्यांदा पंतप्रधान झाले.

जहाजांचा विषय हाती घेताना त्यांच्यातला वकील जागा होता. ७ फेब्रुवारी १९१६ रोजी संसदेने कायदा करून, देशाच्या निकडीसाठी हवी ती वाहने आणि साधने मागणीवरून घेण्याचा अधिकार सरकारला दिला. त्यात जर्मनीचे नाव नव्हते, शत्रू हा शब्दही नव्हता. ही जप्ती नव्हे, भरपाई देऊन केलेले तात्पुरते अधिग्रहण आहे, अशी सारी मांडणी होती. जर्मनी अजून शत्रू नव्हतेच. त्यामुळे शत्रूचा माल म्हणून काही घेता येत नव्हते. दुसरी खबरदारी त्याहून महत्त्वाची. जहाजे हवी असतील तर इंग्लंडने तशी मागणी जुन्या मैत्रीच्या तहाचा उल्लेख करून लेखी करावी, असा लिस्बनने आग्रह धरला. १७ फेब्रुवारीला तशी मागणी आली. कोस्ता यांना जहाजांइतकाच तो कागद हवा होता. उद्या युद्ध आले तर ते मित्राचा शब्द राखताना आले असे देशाला आणि जगाला सांगता येणार होते, आणि तहात मित्र म्हणून स्थान मागता येणार होते.

२३ फेब्रुवारीला हुकूम निघाला आणि त्याच दिवशी आरमारी दलाचे प्रमुख लेओत दु रेगु यांनी तेजो नदीतील जहाजांवर आपली माणसे चढवली. जर्मन निशाण उतरले, पोर्तुगीज निशाण चढले आणि तोफांची सलामी झडली. ही सलामी हुकुमाच्या भाषेशी विसंगत होती. भाडेकरू घरात शिरताना तोफा डागत नाही. काठावरचे लोक जे समजायचे ते समजले, आणि जर्मन राजदूतही.

हे राजदूत फ्रीडरिश रोझेन साधे मुत्सद्दी नव्हते. फारसीचे गाढे अभ्यासक, उमर खय्यामच्या रुबायांचे जर्मन भाषांतरकार. आणि ज्या फ्रीडरिश आउगुस्ट रोझेन यांनी ऋग्वेदाचा पहिला भाग लॅटिन भाषांतरासह युरोपात छापण्यासाठी सिद्ध केला, ते त्यांचे चुलते. अशा घराण्यातल्या माणसाच्या हातून ९ मार्च १९१६ रोजी लिस्बनच्या परराष्ट्र खात्यात युद्धघोषणेचा खलिता पोहोचावा, हा काळाचा खेळ. त्या खलित्यात नाउलिलापासूनच्या तक्रारींची यादी होती. मुख्य आरोप हा की दोन देशांतील १९०८ च्या व्यापारी करारानुसार भरपाई आधी ठरवून मगच जहाजे घ्यायला हवी होती, ती न ठरवता पोर्तुगाल इंग्लंडचा हस्तक म्हणून वागले. कायद्याच्या अंगाने पाहिले तर जर्मनीच्या या तक्रारीत तथ्य होते, असे मला वाटते. पण दीड वर्षापूर्वी बेल्जियमचा तह पायदळी तुडवलेल्या सरकारने कराराचे कलम दाखवावे, हे ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत तेव्हा कोणीच नव्हते.

युद्धात शत्रूची जहाजे ताब्यात घेण्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. येथे क्रम उलटा झाला. आधी शत्रू, मग त्याची जहाजे, असा रिवाज. पोर्तुगालच्या बाबतीत जहाजे आधी आली आणि त्यांच्यामागून शत्रू आला. कोस्ता यांना हे माहीत नव्हते असे मानणे त्यांच्या बुद्धीचा अपमान ठरेल. त्यांना युद्ध हवे होते, मात्र ते स्वतः पुकारायचे नव्हते.

मुरगावातही निशाणे बदलली. ताब्यात घेतलेल्या जहाजांना पोर्तुगीज मुलखातल्या गावांची, बेटांची आणि प्रांतांची नावे देण्यात आली, आणि मुरगावच्या जहाजांच्या वाट्याला साहजिकच इकडची नावे आली. ‘लिख्टेनफेल्स’चे ‘गोवा’ झाले, ‘मारिएनफेल्स’चे ‘दीव’. ‘दमाव’ नावाचेही जहाज होते. १९१८ च्या एप्रिलमध्ये जर्मन पाणबुडीने ते बुडविले. जर्मनीत बांधलेले जहाज, आपल्या दमणचे नाव, आणि बुडविणाराही जर्मन. गोव्यातल्या कोणालाही या युद्धाविषयी कोणी विचारले नव्हते, हे वेगळे सांगायला नको. लिस्बनमध्ये ९ मार्चला जे घडले त्याने गोवाही आपोआप जर्मनीचा शत्रू झाला.

मुरगाव आणि जर्मन जहाजे म्हटले की बहुतेक वाचकांना दुसऱ्या महायुद्धातली गोष्ट आठवते, आणि तिची तुलना येथे करण्याजोगी आहे. १९३९ मध्ये त्याच हान्सा कंपनीची ‘एहरेनफेल्स’, ‘ब्राउनफेल्स’ आणि ‘द्राखेनफेल्स’ ही जहाजे पुन्हा मुरगावात येऊन थांबली. या वेळी लिस्बनमध्ये सालाझार होते. त्यांनी कोस्ता यांच्या नेमके उलट केले. जहाजांना हात लावला नाही, तटस्थता सांभाळली. शेवटी कलकत्त्याच्या इंग्रज स्वयंसेवकांनी रात्री बंदरात शिरून ‘एहरेनफेल्स’वर हल्ला केला आणि जर्मन खलाशांनी स्वतःच जहाजे पेटवून बुडविली. ती रात्र १९४३ च्या ९ मार्चची होती. जर्मनीने पोर्तुगालविरुद्ध युद्ध पुकारल्याला त्या दिवशी बरोबर सत्तावीस वर्षे झाली होती.

युद्ध येताच कोस्ता यांनी पंतप्रधानपद सोडले आणि प्रतिस्पर्धी आंतोनियो जुझे द आल्मेइदा यांच्या हाताखाली अर्थमंत्री म्हणून काम पत्करले. सर्वपक्षीय एकजुटीचे हे सरकार खऱ्या अर्थाने सर्वपक्षीय कधीच झाले नाही. देशातल्या जर्मन नागरिकांना हद्दपार करण्यात आले. लढण्याच्या वयाच्या पुरुषांना आसोर बेटांवर स्थानबद्ध केले. त्यांच्या मिळकती सरकारने अटकावून ठेवल्या. तात्पुरत्या अधिग्रहणाची सौम्य भाषा दोन महिन्यांत हवेत विरली. आता जर्मनी शत्रू होते आणि जहाजे शत्रूची होती.

युद्धमंत्री नोर्तोन द मातोश यांचे नाव गोव्याला अपरिचित नव्हते. तरुणपणी कित्येक वर्षे त्यांनी येथे भूमापनाचे खाते सांभाळले होते. त्यांनी काही महिन्यांत खेड्यापाड्यांतली पोरे गोळा करून सैन्य उभे केले आणि १९१७ च्या आरंभापासून पन्नास हजारांहून अधिक माणसे फ्लँडर्सच्या चिखलात पाठविली. ज्या जहाजांवरून हे सारे सुरू झाले, त्यांतली बहुतेक इंग्लंडला भाड्याने दिली गेली होती, त्यामुळे या सैन्याला रजेवर घरी आणायला किंवा ताज्या तुकड्या धाडायला जहाजे अपुरी पडू लागली. अधिकारी सुटी घेऊन गेले ते परतले नाहीत. शिपाई खंदकातच राहिले. ९ एप्रिल १९१८ च्या पहाटे लीस नदीकाठी जर्मनांनी हल्ला चढविला तेव्हा थकलेली पोर्तुगीज फळी काही तासांत मोडली. मृत, जखमी आणि बंदी मिळून सुमारे सात हजार माणसे त्या एका दिवसात गेली, त्यांत बंदी झालेले सर्वाधिक. मोझांबिकमध्ये गोळीपेक्षा तापाने आणि हगवणीने अधिक माणसे मारली.

लीसच्या वेळी कोस्ता सत्तेवर नव्हते. १९१७ च्या एप्रिलमध्ये ते तिसऱ्यांदा पंतप्रधान झाले खरे, पण लिस्बनमध्ये भाकरीसाठी दंगली होत होत्या, दुकाने लुटली जात होती. गहू आणण्यासाठी घेतलेली जहाजे दुसऱ्याच्या कामाला गेली आणि गव्हाच्या रांगा लांबतच राहिल्या, हे सामान्य माणसाला दिसत होते. डिसेंबरात सिदोनियो पायश यांनी बंड केले. कोस्ता मित्रराष्ट्रांची परिषद आटोपून परतत होते. पोर्तोत त्यांना पकडून एल्व्हशच्या किल्ल्यात टाकण्यात आले. ज्या शहराने त्यांना पहिल्यांदा संसदेत पाठविले, त्याच शहरात त्यांची सत्ता संपली. सुटका झाल्यावर ते पॅरिसला गेले आणि नंतर पंतप्रधानपदासाठी बोलावणी येऊनही पोर्तुगालच्या राजकारणात कायमचे परतले नाहीत.

सरकारच्या हाती राहिलेल्या जहाजांसाठी सरकारी सागरी वाहतूक कंपनी काढण्यात आली होती. तिचे काय झाले हे सांगणे सुखाचे नाही. भरमसाट नेमणुका, हिशेबांत घोळ, वशिल्याचे भाडे, यांनी ती पोखरली गेली आणि विसाव्या दशकाच्या मध्यास कर्जात बुडून मोडीत निघाली. उरलेली जहाजे विकण्यात आली. आरमाराच्या सलामीने मिळविलेला ताफा लिलावात गेला.

मात्र ज्या खुर्चीसाठी एवढा खटाटोप केला ती खुर्ची कोस्ता यांना मिळाली. १९१९ मध्ये पॅरिसच्या शांतता परिषदेत पोर्तुगीज शिष्टमंडळाचे ते प्रमुख झाले आणि २८ जूनला व्हर्सायच्या तहावर त्यांनी सही केली. वसाहती शाबूत राहिल्या. मोझांबिकच्या उत्तर टोकाला किओंगा नावाचा छोटा त्रिकोणी पट्टा परत मिळाला. जर्मनीकडून येणाऱ्या नुकसानभरपाईत पोर्तुगालचा वाटा शेकडा पाऊण ठरला. माणसे गमावलेल्या, कर्जात बुडालेल्या देशाला हा आकडा थट्टेसारखा वाटला. कोस्ता मात्र वर्षानुवर्षे परिषदांच्या टेबलांवर त्या पाऊण टक्क्याचे एकेक कलम लढवत राहिले.

राष्ट्रसंघात त्यांचा मान वाढत गेला. १९२६ च्या मार्चमध्ये जिनिव्हात राष्ट्रसंघाची खास बैठक भरली ती जर्मनीला सभासद करून घेण्यासाठी, आणि तिचे अध्यक्ष म्हणून निवडले गेले आफोन्सो कोस्ता. दहा वर्षांपूर्वी त्याच महिन्यात त्यांच्या हुकुमामुळे जर्मनीने युद्ध पुकारले होते. मोठ्या राष्ट्रांच्या मानापमानात त्या वेळी जर्मनीचा प्रवेश लांबला आणि तो सप्टेंबरात झाला. तोवर अध्यक्षमहाशयांचाच देश हातचा गेला होता. २८ मे १९२६ च्या लष्करी उठावाने लोकसत्ताक मोडले.

त्यानंतरची अकरा वर्षे पॅरिसमध्ये हद्दपारीत गेली. वकिली करून ते पोट भरत आणि लोकसत्ताकाच्या बचावासाठी तिथे जमलेल्या निर्वासितांच्या संघटनेचे काम पाहत. लिस्बनमध्ये कोइम्ब्राचाच दुसरा एक प्राध्यापक, सालाझार, अंदाजपत्रकात शिल्लक दाखवून सर्वेसर्वा झाला होता. १९३० च्या वसाहत कायद्याने त्याने गोव्यासह साऱ्या मुलखांची बरोबरी काढून घेतली आणि मिनेझिस ब्रागांझा यांनी गोव्याच्या कौन्सिलात त्याविरुद्ध आवाज उठविला. कोस्ता यांनी पॅरिसहून सालाझारविरुद्ध पत्रके लिहिली. ती पोर्तुगालमध्ये चोरून वाचली जात. विवाह आणि घटस्फोटाचे त्यांचे कायदे मायदेशात पुढे बदलले गेले. मुरगावच्या बंदराशेजारच्या निबंधकाच्या कचेरीत मात्र त्यांची वही चालू राहिली.

११ मे १९३७ रोजी पॅरिसच्या एका हॉटेलात आफोन्सो कोस्ता यांचे निधन झाले. वय सहासष्ट. सालाझारच्या राज्यात त्यांचे नाव घेणे धोक्याचे होते, त्यामुळे देह परदेशातच राहिला. बऱ्याच वर्षांनी त्यांच्या अस्थी पोर्तुगालला आणून सेइया येथे, जिथून ते कोइम्ब्राला शिकायला निघाले होते तिथे, घराण्याच्या थडग्यात ठेवण्यात आल्या.